सोयरिकीचं सांगून

नव्वदनंतरची गोष्ट. आम्ही बदनापूरला राहत होतो. नवरा जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये होता, मी तिथेच बियाण्यांच्या प्लांटवर बी निवडायला जायची. नवरा रोज पीत होता. डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, देवासमोर शपथ झाली. शपथ नऊ दिवस टिकली.

माझ्या शेजारी बसून बी निवडणारी बाई एकदा म्हणाली, "आमचा माणूस दर रविवारी मीटिंगला जातो. दारू सोडलेल्यांची राह्यते. तीन वर्षं झाले, थेंब न्हाई."

"कुठं?"

"जालन्याला, एका शाळेत. बोर्ड न्हाई लावत ते."

पुढच्या रविवारी मी एकटीच शोधायला गेले. तिने सांगितलेल्या गल्लीत एका पानटपरीवाल्याला विचारलं. तो हसला. "मावशी, दारू मिळायच्या जागा चार सांगतो. सोडायची एकबी म्हाईत न्हाई." शेवटी एका बंद शाळेच्या व्हरांड्यात पुरुषांच्या चपलांची रांग दिसली. रविवारी शाळेत एवढ्या चपला कशाला, म्हणून थांबले. तीच जागा.

दाराशी बसलेल्या म्हाताऱ्या माणसाने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "बाई, आणा त्यांना. पण खरं सांगून आणा. फसवून आणलेला माणूस टिकत न्हाई."

मी मान हलवली आणि घरी येऊन फसवायची तयारी केली. खरं सांगून तो उंबऱ्याबाहेर पाय टाकणार नाही, हे मला त्या म्हाताऱ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

मुलगी बारावी होऊन दोन वर्षं घरी होती. मी नवऱ्याला सांगितलं, जालन्याचं स्थळ आहे, मुलाचे चुलते मास्तर आहेत, रविवारी त्यांच्याच शाळेत बोलणीला बोलावलंय. सोयरिकीला बापाने पिऊन जायचं नाही, एवढं त्यालाही कळत होतं. माझ्या थोरल्या भावाला खरं सांगून सोबत घेतलं. दोन माणसं असल्याशिवाय बोलणीला कोणी जात नाही. नवऱ्याला शंका आली असती.

शनिवारपासून त्याने घेतली नाही. रविवारी दाढी केली, पांढरा सदरा घातला. टेम्पोत त्याचे हात थरथरत होते, म्हणून त्याने ते मांड्यांखाली दाबून ठेवले. मी ते पाहिलं आणि बाहेर बघत बसले.

बायका व्हरांड्यातच बसत. मी खिडकीशी उभी राहिले. आत बाकांवर पंधरा-सोळा माणसं होती. चहा आला. कोणीतरी म्हणालं, "नवीन पाव्हण्यांना काही बोलायचं असंल तर बोला."

नवरा उठला. गाव सांगितलं, मामकूळ सांगितलं, कोरडवाहू पाच एकर सांगितली. मुलगी बारावी पास आहे, स्वयंपाक येतो, शिलाई येते. "आमच्याकडून देण्याघेण्यात कमी पडणार न्हाई," म्हणाला. तिथे बोलणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही असा नियम होता. सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. कोणी हसलं नाही. इतकं नीट, न अडखळता बोलताना मी त्याला कैक वर्षांत ऐकलं नव्हतं.

मग समोरचा माणूस उठला. "मी दारुडा आहे," म्हणाला आणि घर कसं मोडलं ते सांगू लागला.

नवरा भावाकडे वाकला. "पाव्हणे, पोराचा बाप दारुडा हाय काय? आपल्याला इथं पोर द्यायची न्हाई."

दुसरा उठला, त्यानेही तेच म्हटलं. तिसरा उठल्यावर नवऱ्याने खिडकीकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही. काय उपयोग होता? त्याने चहा पूर्ण संपवला, कप बाकावर ठेवला, बाहेर येऊन रांगेतल्या आपल्या चपला घातल्या. स्टेशनच्या दिशेने गेला. म्हातारा म्हणाला, "पुन्हा या म्हणावं." मी निरोप दिला. नवऱ्याने तोंड फिरवलं.

चारेक महिन्यांनी शहागडहून खरंच स्थळ आलं. मुलगा हायवेवर ट्रक दुरुस्तीचं काम करायचा, घर चांगलं होतं. मी सांगितल्यावर नवरा म्हणाला, "कोणत्या शाळेत हाय?"

"खरं हाय हो. शहागडला जायचंय, त्यांच्या घरी."

"जाय तू. चहा चांगला राह्यतो त्यांचा."

भावाला समजावायला पाठवलं, तर त्याला म्हणाला, "तुम्ही तर बोलूच नका, पाव्हणे." भावाचा शब्द मीच खर्ची घातला होता. ठरल्या दिवशी नवरा सकाळी सातलाच दारूच्या दुकानावर जाऊन बसला.

मी आणि भाऊ गेलो. मुलाच्या वडिलांनी पहिलंच विचारलं, "मुलीचे वडील न्हाई आले?"

"मिलमध्ये ड्युटी हाय," भाऊ म्हणाला.

"रविवारी?"

भाऊ पाणी पिऊ लागला. त्यांनी पोहे दिले, रस्त्यापर्यंत सोडायला आले, रीतीत काही कमी केलं नाही. होकाराचा निरोप मात्र पुढे कधी आला नाही.

परतताना एसटीत भावाने विचारलं, "तव्हा खरं सांगितलं असतं, तर आला असता काय तो मीटिंगला?"

"न्हाई," मी म्हणाले. "पण आज आला असता."