पुट्टीखालचा पाग

माझी सून चित्रं काढते. यंदाचं चित्र एवढं मोठं होतं, की ते जमिनीवर पसरल्यावर बाळकुमच्या आमच्या घरात आम्ही सगळे भिंतीच्या कडेकडेने चालत होतो. त्यात झाड, माणूस असं काही नाही. जाड कापडावर ती गोणपाट चिकटवते, वाळू टाकते, रंग ओतते.

"आई, बाबांचं एखादं जुनं जाळं आहे का हो?" तिने विचारलं.

ह्यांचा पाग, खाडीत फेकायचं जाळं, माळ्यावर होता. हे गेल्यापासून तो खाडीत पडला नव्हता. मी काढून दिला. भिंतीवर लागेल, रोज दिसेल, असं मनात होतं.

तिने तो पसरून चिकटवला आणि वरून भिंतीला लावतात ती पांढरी पुट्टी थापली. सगळा पाग झाकला गेला.

"आता?" मी विचारलं.

"थोडं सुकलं की खरवडायचं. काय वर येईल ते मी आधी ठरवत नाही, आई. येईल ते ठेवायचं."

आणि नाही आलं तर? असं मनात घोळवत मी चहा ठेवायला गेले.

संध्याकाळी मुलगा दारातूनच म्हणाला, "काय, लागलं का काही जाळ्यात?"

"तुझ्या चपला लागतील. बाजूने ये," सून म्हणाली.

ती पट्टीने खरवडत होती. कुठे गोणपाट दिसे, कुठे जाळ्याचे चार फासे. खालच्या कोपऱ्याकडे ती गेलीच नाही. तिथे ह्यांनी पाग सांधला होता, सिमेंटच्या गोणीचा निळा दोरा काढून. मी हसले, तर म्हणाले होते, "माशांना काय रंग कळतोय?"

"बास, इथे थांबू," म्हणत सून उठायला लागली.

"तिथं पण खरवड ना गं." माझ्या तोंडून निघून गेलं.

"का? काय आहे तिथे?"

मी सांगितलं. तिने पट्टी माझ्या हातात दिली. "मग तुम्हीच काढा. मला जागा कुठे माहीत आहे?"

मी खाली बसले. पहिल्यांदा जोर जास्त लागला, दोन गाठी तुटून आल्या. मग हलक्या हाताने काढलं. बोटभर निळा दोरा वर आला, पुट्टीने माखलेला.

"अजून?" सुनेने विचारलं.

"नको. एवढा पुरे."

ती मान तिरकी करून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. शेजारी तिने सकाळी ओतलेला, अजून न सुकलेला लाल रंग होता.

"हा लाल आता नको इथे," ती म्हणाली.

ओला फडका मीच आणून दिला.