द्राक्षाच्या पानांच्या वड्या

बाळांनो, शाळेत लेबनॉनवर लिहायचं आहे, माहिती पाठव, असं तुम्ही कळवलंत. आधी भूगोल सांगते. देश आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षाही लहान. एका बाजूला भूमध्य समुद्र, लगेच डोंगर, डोंगरावर बर्फ. हे मला इथे आखातात, करामा भागातल्या आमच्या शेजारच्या फ्लॅटमधल्या लेबनीज मुलीच्या आईने सांगितलं. ती तीन महिन्यांसाठी लेकीकडे आली होती.

आता समाज. "तुमची लोकसंख्या किती?" मी विचारलं.

"मोजत नाही. मोजलं तर भांडण होईल."

तिथे राष्ट्राध्यक्ष एका पंथाचा, पंतप्रधान दुसऱ्याचा, सभापती तिसऱ्याचा. कोणाचे लोक जास्त, हे कळू नये म्हणून कित्येक दशकं जनगणनाच नाही. मी वहीत "अंदाजे" असं लिहिलं.

मुलीला आई कायमची इथे हवी होती. तिकडे गावाजवळ बॉम्ब पडत होते. तिने इथल्या व्हिसाचा अर्ज भरून ठेवला होता, पण आई सही करेना.

"आंटी, तुम्ही तिच्या वयाच्या. तुमचं ऐकेल," मुलगी मला म्हणाली.

मी पाच मुद्दे काढले आणि एका दुपारी तिच्या आईला बोलावलं. तिने गावच्या अंगणातल्या द्राक्षवेलाची पानं मिठाच्या पाण्यात घालून आणली होती, त्यातली थोडी मला दिली होती. त्यांच्यात त्या पानांत भात भरतात. मी अळूवड्यांसारखं बेसन, चिंच-गूळ लावून गुंडाळ्या उकडल्या, कापल्या, तळल्या. पानं आधी धुवायची असतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तिने एक वडी खाल्ली. "समुद्र आहे," म्हणाली, आणि दुसरी घेतली.

"इथे राहिलात तर पुढच्या वेळी धुऊन करीन." हा मुद्दा यादीत नव्हता.

मग इतिहास झाला. मागच्या युद्धात ती घराला कुलूप लावून बैरूतला गेली. परतली तेव्हा घरात दुसरंच कुटुंब राहत होतं. त्यांनाही त्यांच्या गावातून हाकललं होतं. त्यांनी तिला पाहुणी म्हणून बसवलं आणि तिच्याच वेलाच्या पानांत भात भरून वाढला.

"छान झाला होता," ती म्हणाली. "घर परत मिळायला दोन वर्षं लागली. हबीबती, रिकामं घर कोणीतरी उघडतंच. आता मी पुन्हा कुलूप लावणार नाही."

"मग आत्ता तिथे कोण आहे?"

"बहीण. ती म्हणते, ऑलिव्ह काढायच्या आधी ये."

माझ्या दुसऱ्या मुद्द्यात इथले दवाखाने होते. मी तो काढला नाही.

संध्याकाळी मुलगी ऑफिसातून थेट माझ्याकडे आली. "आंटी, झाली का सही?"

"नाही. तिकीट काढ."

"तुम्ही माझ्या बाजूने होतात ना?"

"होते," मी म्हटलं.

आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही. मग तिने आईचं तिकीट काढलं, जाण्याचं आणि परत येण्याचं. आईने परतीची तारीख चष्मा लावून नीट वाचली आणि तिकीट पर्समध्ये ठेवलं. सही कुठेच करायची नव्हती.