पहिलं नाव सरांचं

नांदेडच्या मेडिकल कॉलेजात आमच्या सर्जरी विभागात एक रीत होती: रिसर्च पेपर कुणीही लिहो, पहिलं नाव विभागप्रमुख सरांचं. बांधावरच्या भांडणात काठ्या-कुऱ्हाडींनी फुटलेली डोकी वर्षानुवर्षं मी शिवली, त्यावर पेपर लिहिला आणि माझं नाव गेलं शेवटी. जगभरच्या संशोधनात त्या पेपरचे संदर्भ धडाधड यायला लागले, तसा लातूरला सरांचा सत्कार झाला. टाळ्या वाजवणारे माझे हात त्यांच्या नरड्यासाठी शिवशिवत होते.

पुढे एका दुपारी हिमायतनगरकडचा एक पेशंट आमच्या कॅज्युअल्टीत दगावला. नातेवाइकांनी काचा फोडल्या, सिस्टरला ढकललं, मला भिंतीवर आपटलं. "लई माजलेत हे डॉक्टर!" म्हणत एकाने काठी फिरवली, ती नेमकी सरांच्या टाळूवर बसली. त्यांचं तोंड रक्ताने माखलं.

पोलिसांनी जमाव हटवल्यावर मी सरांना टेबलावर घेऊन टाके घालू लागलो. ते माझा कोट मुठीत धरून विचारत होते, "अरे, मळमळतंय मला. अशा माराचं पुढं काय होतं? जिवाला धोका नाही ना?"

मी दोरा आवळला.

"सर, तुमच्याच पेपरात आहे सगळं. उघडून बघितला नव्हता का?"