न चावलेला बूट

लिफ्टवाल्याला काही वाटायचंच बंद झालं होतं. आधी नैराश्याने त्याला अंथरुणात पाडलं, मग गोळ्यांनी उठवून कामावर पाठवलं. पण रडू गेलं ते जाताना हसूही बरोबर घेऊन गेलं. बंद पडलेल्या लिफ्ट तो मुकाट दुरुस्त करी, घरी येई, ताई वाढेल ते जेवी. भाजीत मीठ नसलं तरी हूं नाही की चूं नाही. थोरल्या बहिणीचा जीव मात्र त्याच्यापायी कायम टांगणीला.

अशा माणसाने नवे बूट घेतले. दुकानातल्या बाईने गुडघे टेकून बुटाचं टोक दाबलं आणि विचारलं, "चावतो का?" हा म्हणाला, नाही. घरी पोचेपर्यंत दोन्ही टाचा सोलून निघाल्या होत्या. मोजे बघून ताईने कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, बूट घेतलेस की शिक्षा?"

दुसऱ्या दिवशी तो बूट बदलायला गेला. बूटवाली त्याच्या टाचांकडे बघतच राहिली. "एवढं झालं आणि तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं. पण त्याचं काही वाटलं नाही. मनाचा आजार आहे, गोळ्या चालू आहेत."

यावर लोक एकतर उपदेश करतात, नाहीतर घड्याळ बघतात. बूटवाली मटकन स्टुलावर बसली. "दिवसभर हसून हसून माझे गाल दुखतात हो. तुमच्यासमोर नाही हसले तर चालेल?"

"चालेल."

असं या दोघांचं जमलं. संध्याकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत खोक्यांना टेकून चहा प्यायचे. ती तोंड पाडून, हा कोरडा ठणठणीत. बघणाऱ्याला वाटावं, आत्ताच कुणाला पोचवून आलेत. एकदा विनोदी सिनेमाला गेले. सगळं थिएटर हसून लोटपोट, आणि ही त्याच्या खांद्यावर डोकं टाकून घोरतेय. तिची झोप मोडू नये म्हणून हा हाताला मुंग्या आल्या तरी हलला नाही. याला प्रेम म्हणतात, पण ते त्याला कोण सांगणार?

शेवटी तिनेच विचारलं. "मी नसले तर तुला काही वाटेल? खरं सांग."

त्याने मन लावून आत चाचपून पाहिलं. "नाही."

तिने कप विसळून पालथा घातला. "मग उद्यापासून नको येऊस."

"खरं बोलायला तुला हाच मुहूर्त सापडला?" ताई कडाडली. तो जेवला, झोपला. त्याला खरंच काही वाटलं नाही. फक्त काम संपलं की पाय दुकानाकडे वळायचे, आणि त्यांना माघारी फिरवता फिरवता तो थकून जायचा. एका संध्याकाळी त्याने फिरवायचं सोडून दिलं.

तो दुकानातल्या बाकावर जाऊन बसला. बूटवाली समोर आली आणि हसली. गाल वर, दात पुढे, अगदी मापात. "या साहेब. काय दाखवू?"

त्याच्या छातीत काहीतरी दुखलं. इतक्या काळाने दुखलं की आधी ओळखूच येईना. डोळे भरून आले.

ती सवयीने खाली बसली, बुटाचं टोक दाबून बघितलं. "कुठं दुखतंय?"

"बूट नाही. तू माझ्याकडे बघून हसलीस, ते दुखलं."

तिचे गाल हळूहळू खाली आले. दिवसभर शिणलेला तो चेहरा घेऊन ती त्याच्या शेजारी बाकावर टेकली. तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं.

"पाच मिनिटं थांबा," ती म्हणाली, अजिबात न हसता.