चिमूटभर म्हणणाऱ्या आपा

रजिया आपा अशिलाला खुर्ची द्यायच्या, पण गुन्हा मोठ्यानं बोलल्याशिवाय बसू द्यायच्या नाहीत. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली त्यांचं टेबल. मी गोंदियाकडचा, आठवीतच शाळा सुटलेला. पहिल्यांदा गेलो तेव्हा पुटपुटलो, "आपा, खिशात चिमूटभर सापडलं होतं..."

"क्या सापडलं?"

"थोडंसं..."

"पैले गांजा बोल. चिमूटभर वकिलानं बोलायचं असतं."

आजूबाजूचे वळून बघत होते. बोललो. तेव्हा म्हणाल्या, "हां. अब बैठ, बेटा."

कोर्टात कबूल करून दंड भरला होता, वाटलं होतं सुटलो. पण मी कामाला होतो त्या वाळूजच्या कंपनीनं पोलिस पडताळणी मागितली आणि ती चिमूट पुन्हा वर आली. काम गेलं की खोली जाणार, अन् गावाकडं आईला काय सांगणार? आपांनी माझ्यासाठी थेट दिल्लीला, राष्ट्रपतींकडं माफीचा अर्ज धाडला. शेजारचे वकील हसले, "आपा, हा फाशीवाल्यांचा रस्ता!"

"कायकू? माफी मागायला आधी खून करावा लागतो का?"

अशा किरकोळ गुन्ह्यांची माफी जिल्ह्यातच मिळावी, हे त्या भेटेल त्याला ऐकवायच्या. "चिमूट हितं सापडली, तर माफी दिल्लीहून कायकू?"

उत्तर येण्याआधी कंपनीचं बोलावणं आलं. रूमवरचे म्हणाले, "सांग ना, तो दुसराच कुणीतरी, माझ्या नावाचा." आपा सोबत आल्या. दम लागत होता, तरी जिना चढल्या. साहेबांनी कागद सरकवला, "ही केस काय आहे?"

मी मागं वळून आपांकडं बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"साहेब, माझ्या खिशात गांजा सापडला होता."

साहेबांनी कागद पुन्हा उचलला. मग मागून आवाज आला, "चिमूटभर. दंड भरलाय, अर्ज दिल्लीत हाय. इसका जिम्मा मेरा."

या शहरात माझ्यासाठी असं कुणीच बोललं नव्हतं. कामावर राहायचा गेटपास मिळाला, एका वर्षाचा.

रमजानच्या आधी आपा गेल्या. अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. गेटपासची मुदत संपत आली आहे. सोमवारी पुन्हा तोच जिना, तेच साहेब. गांजा मी बोलेन, मोठ्यानं बोलेन. त्यानंतर मागं वळून बघायचं नाही, एवढंच जमलं पाहिजे.