खालचा माल

“खालचं काढा ना साहेब, खालचं! वरचं कायले पाहून राह्यले?” शेठ असे ओरडत होते, की दिग्रसच्या स्टँडवर निघालेली पुसद गाडी जागीच थबकली असावी.

कापसाच्या पडझडीत सरकी काढायचं जिनिंग बंद पडलं, तेव्हा शेठनी त्याच टिनाच्या शेडात टेबलं मांडून कंप्युटरच्या डेटा केबली जोडायचा कारखाना काढला. वायरीच्या दोन्ही टोकांना प्लग दाबायचे, झालं. मी तपासनीस. म्हणजे केबल एका डबीत खुपसायची आणि आठ दिवे लागले की ‘पास’ म्हणायचं. एवढ्याशा विद्येवर माझं घर चाललं होतं. शेतातल्या कापसाला कुत्रं विचारत नव्हतं.

नियम असा, की प्लगजवळ तारांचा पीळ अर्ध्या इंचाहून जास्त उकलायचा नाही, नाहीतर डेटा अडखळतो. आमच्या बायांनी तो बोटबोटभर उकलून तारा नव्या नवरीच्या केसांसारख्या विंचरल्या. काय देखणं काम! दिवेही आठच्या आठ लागत. नियम नीट वाचेपर्यंत अर्धा माल असाच झाला. पुढचा मात्र धड केला.

“आधीचा कापून पुन्हा करू,” मी म्हटलं.

“काही गरज नाही. आपली उमर गेली कापूस घेण्यात!”

खरंच होतं. गाडीवरचा पांढराशुभ्र कापूस बाजूला सारून, खांद्यापर्यंत हात खुपसून, तळातला ओला पुंजका उपसण्यात शेठची हयात गेली होती. तपासणारा खालूनच काढतो, ही त्यांची श्रद्धा. म्हणून चांगल्या केबली पेटीच्या तळाशी गेल्या आणि विंचरलेल्या वर.

ऑर्डर देणाऱ्या कंपनीचा साहेब नागपूरहून माल तपासायला आला तो पोरगेलासा, कापूस फक्त कानात घालायचा असतो एवढंच ठाऊक असलेला. त्यानं सरळ वरच्या केबली उचलल्या. त्याच्या मशीनला दिव्यांचं कौतुक नव्हतं. डेटा धड धावतो का, तेवढंच ती बघे. पहिली नापास. दुसरी नापास. तिथून शेठचा आरडाओरडा सुरू झाला. शेवटी ते स्वतःच पेटीत पालथे पडले आणि तळातून मूठभर केबली उपटून साहेबाच्या नाकासमोर नाचवू लागले.

“हा पाहा! हा खरा माल!”

“मग वर कोणता ठेवलाय?”

सगळा माल दुरुस्त करा, नाहीतर ऑर्डर रद्द, असं बजावून साहेब गेला. ऑर्डर गेली की शेडला कुलूप, हे सगळ्यांनाच कळत होतं.

मी भीत भीत विचारलं, “शेठ, उद्या यायचं का आम्ही?”

“या. कातरी घरून आणा.”