रिपॅकिंगच्या टेबलावरची चोरी

मी सॉफ्टवेअरमध्ये होतो, आणि दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत भिवंडीत एवढं सांगितलं की लोक पुढचं विचारत नसत. पगार चांगला असणार, हे त्यांनी ठरवलेलंच असे. तो होताही. तरी घरात सगळ्यात जास्त रडगाणं माझंच. खुर्चीने पाठ धरते, क्लायंट नेमका जेवताना फोन करतो, एसी फार गार असतो. ही शेवटची तक्रार मी मे महिन्यात, अंगात स्वेटर घालून केली होती. वहिनी भाकरी थापत म्हणाली, "भावजी, लई हाल हायत तुमचं." ती हसली नाही, म्हणून मला ते खरंच वाटलं.

वहिनी जवळच्या वळ गावातल्या एका गोदामात रिपॅकिंगला होती. फुटक्या खोक्यातला माल नव्या खोक्यात भरायचा, चिकटपट्टी मारायची, दिवसभर उभ्याने. डोक्यावर पत्रा. संध्याकाळी गेटवर सगळ्या बायकांची झडती. योगायोग असा की त्याच गोदामातल्या मालाची नोंद ठेवणारा प्रोग्राम लिहायचं काम माझ्या कंपनीला मिळालं आणि कंपनीने मला पाठवलं. मॅनेजरच्या केबिनमध्ये मी दोन महिने बसलो. वहिनीचं टेबल तिथून वीस पावलांवर होतं. मी एकदाही गेलो नाही. बाहेर फार उकडायचं. काम कसं चालतं ते मला मॅनेजरने सांगितलं, आणि त्यालाही बाहेर उकडायचं.

प्रोग्राम सुरू झाला. तिसऱ्या आठवड्यात पडद्यावर जेवढी खोकी दिसत होती त्यापेक्षा रॅकवर चाळीसेक कमी भरली, आणि तीही सगळी रिपॅकिंगला गेलेल्या मालातली. मॅनेजर म्हणाला, "कंप्यूटर खोटं बोलत नाही." मीही मान डोलावली. सुटीच्या वेळी टेबलावरच्या आठही बायकांना गेटपाशी उभं केलं. डबे उघडायला लावले, पदर झटकायला लावले. त्यांत डोंगराकडच्या पाड्यावरून येणारी एक होती, कमी बोलणारी. मॅनेजरने सगळ्यांदेखत तिलाच धरलं, "तूच ना चोर? माल कुठे विकलास?" कारण काय, तर तिची पिशवी सगळ्यांत मोठी होती. खोकी मिळेपर्यंत आठही जणींनी कामावर यायचं नाही, असंही त्याने सांगून टाकलं.

मी रांगेत वहिनीजवळ गेलो. ती हळूच म्हणाली, "फुटका खोका आमी फेकून देतो. तुमच्या कंप्यूटरला म्हायती हाय का ते?"

त्याला माहीत नव्हतं. नवा खोका जमा धरायचा आणि जुना वजा करायचाच नाही, असं मीच लिहून ठेवलं होतं. केबिनमध्ये जाऊन दहा मिनिटांत दुरुस्ती केली. एकही खोका गेलेला नव्हता. चूक माझी आहे, असं मी मॅनेजरला सांगितलं. तो मोठ्याने हसला, "सॉफ्टवेअर म्हटलं की बग आलाच," म्हणाला आणि चहा मागवला. बायकांना आत्ता जा, उद्या या, असा निरोप गेला. मी तो चहा प्यायलो, हे सांगायची आजही लाज वाटते.

पाड्यावरची बाई दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्याही नाही. वहिनी तिला जाऊन भेटली आणि रात्री मला वाढताना म्हणाली, "ती बोलली, चोर सगल्यांम्होरं बोलले, तर चुकी झाली त्ये बी सगल्यांम्होरं बोला. मॅनेजर काय बोलनार न्हाय. तुमी चला, भावजी. पाड्यावर चार मान्सांत सांगा."

मी रविवारी जाऊ म्हणालो, आणि मनापासून म्हणालो. शनिवारी ऑफिसातून फोन आला. चूक स्वतःहून कबूल केली म्हणून साहेब माझ्यावर खूश होते. मला बढती मिळाली होती आणि सोमवारी सकाळी पुण्याला हजर व्हायचं होतं.

रविवारी मी सामान बांधलं. वहिनी बाहेर जायची साडी नेसून संध्याकाळपर्यंत ओटीवर बसून होती.